अख्खा निरोप

“आई येते म्हणतेय,” थोरल्याने जाहीर करून टाकलं आणि माझी बॅग भरायला घेतली.

मी म्हणाले होते फक्त “मी…” एवढंच! झटका येऊन गेला तेव्हापासून उजवा हात लुळा आहे आणि जीभ जड. डोकं मात्र शाबूत आहे. शब्द एकेक करून बाहेर येतो, मध्येच अडतो, आणि तेवढ्यात समोरचा माझं वाक्य पुरं करून मोकळा होतो. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली मी, आणि आता माझं बोलणं ऐकायला कुणाला दम निघत नाही. असा संताप येतो म्हणून सांगू!

थोरला वाईट नाही. धाकटी लेक ऑफिसला गेली की मी दिवसभर एकटी, म्हणून काळजीपोटीच तो मला कायमची त्याच्याकडे न्यायला आलेला. आईचीही तीच इच्छा असेल, असं धरून धाकटी गप्प. पण मला विचारलं का कुणी?

आज धाकटी घरूनच काम करत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसातल्या मैत्रिणीशी फोनवर वाद घालत होती. तिची कंपनी लिफ्ट सांभाळते. लिफ्ट अडकली की निरोप आपोआप ऑफिसात पोचतो, तो पोचवणारा प्रोग्राम ती सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिते; निरोप ज्या जोडणीतून येतो तिला म्हणे सॉकेट म्हणतात. परवा सगळा घोळ झाला. इमारत होती एकशे सत्तावीस नंबरची. मैत्रिणीच्या प्रोग्रामने पहिले दोन आकडे आले तेवढेच खरे धरले, आणि मेकॅनिक बारा नंबरच्या दारात जाऊन उभा. इकडे लिफ्टमधले लोक घामाघूम!

“अगं, सॉकेटमधून सगळं एका दमात येतं, असं सांगितलं कुणी तुला? तुकड्यातुकड्यांनी येतं ते. म्हणून तर मी हे छोटं फंक्शन लिहिलंय, सगळ्यांनी तेच वापरा. पाठवणाऱ्याने आधी सांगायचं, निरोप केवढा आहे ते. मग तेवढा पुरा होईपर्यंत आपण घेत राहायचं. मध्ये थांबला म्हणजे संपला, असं नाही ना! हां, समोरच्याने लाइनच तोडली तर गोष्ट वेगळी.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरगी माझीच! एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना मी हेच बजावायचे, की लाइन शांत आहे म्हणून लगेच तोडू नका गं, पलीकडचा माणूस रडत असेल. आणि तिची ती युक्ती मला एकदम पटली.

मी टेबलावर थाप मारली आणि डाव्या हाताची पाचही बोटं वर केली.

“काय गं? पाणी हवंय?” थोरल्याने विचारलं.

धाकटीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. “नंतर करते गं,” म्हणत तिने फोन ठेवला. “आई, पाच शब्द?”

मी मान डोलावली.

“मी.” अंगठा मिटला.

“हो गं, तू येतेस, ठरलंच आहे ते…”

“दादा, गप्प. अजून चार यायचेत.”

“माझ्याच.” दुसरं बोट मिटलं. पुढचा शब्द काही केल्या सुटेना. थोरल्याची चुळबुळ सुरू झाली, पण बहिणीने नुसते डोळे वटारले.

“घरात.” घाम फुटला मला. “राहणार.” उरली करंगळी.

“आहे.”

मूठ वळली. धाकटीचे डोळे भरून आले होते आणि मी मात्र राणीसारखी ताठ बसले होते. झटक्यानंतरचं माझं पहिलं अख्खं वाक्य!

थोरल्याने बॅग बाजूला सारली. “पण दिवसभर एकटी काय करशील तू, आई?”

विचारलं, आणि या वेळी तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

मी पुन्हा बोटं वर केली. पण सांगायचं खूप होतं, पाच बोटं कुठली पुरायला! मी लुळ्या हाताकडे पाहिलं. थोरल्याने तो अलगद उचलला, एकेक बोट सरळ केलं आणि डाव्या हाताशेजारी धरून ठेवला.