तारासची बाटली

खुर्ची खाली आदळली की खुर्चीतला माणूस एकच शब्द बोलायचा, "उत्तम!" रोदियोन लापशिनही दातओठ खाऊन तेच म्हणायचा.

मॉस्कोबाहेरच्या त्या संस्थेत त्याच्यासकट सहा सैनिक होते. पट्ट्यांनी खुर्चीत आवळायचं, मनोऱ्यावर चढवायचं आणि सोडून द्यायचं. अवकाशातून परतणारा माणूस जमिनीवर किती जोरात आपटला तरी धड राहील, ते या सहा पाठींवर ठरत होतं. हे काय काम करतात, ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं.

'दुखतंय' म्हणणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाही, छे! फक्त दुसऱ्या दिवशी यादीत त्याचं नाव नसायचं आणि आठवड्याभरात तो उत्तरेकडच्या कुठल्याशा ठाण्यावर बर्फ उपसत असायचा. रोदियोनच्या झोयाला सातवा महिना होता. या नोकरीवरच त्यांना नुकती खिडकीवाली खोली मिळाली होती. म्हणून लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा त्याने ते सहांतल्याच येफीमला फक्त सांगितलं. येफीमने सकाळी तपासणीसाठी लघवीची भरलेली बाटली आणून दिली.

"घे लेका. चांगल्या घरची आहे."

तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. असे आठ दिवस गेले.

गुरुवारी जेवणाच्या वेळी डॉक्टर आग्निया पेत्रोव्हना स्वतः खानावळीत आल्या. "शाब्बास रे पोरांनो! सहाही जण ठणठणीत. आज मी सही करते, आपटण्याच्या जोराचा हाच आकडा उड्डाणाला जाईल."

रोदियोनने चमचा खाली ठेवला. मागच्या महिन्यात एक तरुण वैमानिक खुर्ची बघायला आला होता. जाताना रोदियोनचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "तुम्ही बसलात ना, मग मी निर्धास्त." त्या पोराला आता आपल्या खोटेपणावर आपटायचं होतं. रोदियोनला स्वतःची शिसारी आली. तो उठला आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला.

"बाई, सही करू नका. बाटली माझी नव्हती."

"मग कोणाची?"

"येफीमची."

येफीमला बोलावलं. तो छताकडे बघत म्हणाला, "माझी कुठली? मलाच दहा दिवस रक्त जातंय. तारासची होती ती."

तारास म्हणजे स्वयंपाकी. बोर्श सूपच्या पातेल्यापलीकडे आयुष्यात काही उचललं नव्हतं त्याने. तो हात पुसत आला.

"किती जणांना दिलीस?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनाच की! रोज सकाळी सहा बाटल्या. पोरं मागतात, आपण नाही कसं म्हणायचं?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आपला माणूस अवकाशातून उतरणार होता, तो एका आचाऱ्याच्या मूत्रपिंडांच्या भरवशावर!"

कोणालाही हसू आलं नाही. तारास मान खाली घालून खानावळीत परत गेला आणि तिथे बसलेल्यांना त्याने सगळं सांगून टाकलं.

इकडे बाईंनी त्या आकड्यावर काट मारली. अकरा महिन्यांची मेहनत होती ती.

"लापशिन, तुझं नाव मला काढावं लागेल."

"ठाऊक आहे."

त्यांनी कोरा कागद ओढला. "आता खरं सांग बाळा. कुठे दुखतं?"

रोदियोनला 'उत्तम'शिवाय काही बोलायची सवयच राहिली नव्हती.

"कंबरेत... उजवीकडे. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कूस बदलवत नाही. बाई, फार दुखतं हो!" आणि तो धाय मोकलून रडला. बाई लिहीत राहिल्या.

"माझंही लिहून घ्या," येफीम म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. दारात उरलेले चौघे टोप्या हातात धरून, रांग लावून उभे होते.