कुंचीतला वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे. बिलोलीजवळच्या एका गावात राजशेखर आप्पांचे किराणा दुकान आहे. दुकानामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, मोरीच्या कडेला, मी आणि माझा पाटा. मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल. आमच्याही घरी आहे. तो घरघर करतो, तापतो आणि वर्षाआड बिघडतो. मी काही बोलत नाही. दगडाने कुणाची बरोबरी करू नये.

दारावर वडार आले होते, तेव्हा काळ्या दगडातून त्यांनी मला घडवले. घरात आप्पांची नवी नवरी आली होती, तिच्यासाठी मला घेतले. तिचे नाव कमलम्मा. तिचे हात इतके लहान होते की मला धरताना बोटे पुरत नसत. मिरची वाटताना ती रडायची. सगळ्यांना वाटायचे, मिरची झोंबली. वयाच्या पंधराव्या वर्षी तिला मुलगी झाली, तिचे नाव वर्षाराणी ठेवले. पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला, तो मृत्युंजय.

वाटण हे माझे रोजचे काम. पण माझा खरा मान असतो बारशाला. हसू नका! बाळाला पाळण्यात घालण्याआधी मला न्हाऊ घालतात, हळदकुंकू लावतात, डोक्यावर कुंची चढवतात आणि पाळण्यात निजवतात. मग बायका मला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात. बाळ माझ्यासारखे टणक व्हावे, अशी त्यामागची माया. कुंचीत मी अगदीच बावळट दिसतो. तरी सांगतो, मला ते आवडायचे. गल्लीतली कितीतरी बाळे माझ्यामागून त्या पाळण्यात निजली आहेत.

फक्त एकदा मला कुंची घालून बाळ आलेच नाही.

वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सतरा वर्षांची होती. कमलम्मांनी हौसेने आधीच कुंची शिवून ठेवली, हिरव्या खणाची, मोत्याची झालर लावून. गंमत म्हणून मायलेकींनी ती मला घालून पाहिली आणि दोघी खूप हसल्या. आठवड्याने वर्षाराणी माझ्यापाशी शेंगदाण्याची चटणी वाटत बसली होती. तिचे पाय सुजून चकचकीत झाले होते. ती म्हणाली, "अम्मा, डोक्यात घण पडून राहिलेत. डोळ्यापुढं काळं काळं दिसून राहिलं."

"पित्त झालं असंल. लिंबू चाट," कमलम्मा म्हणाल्या.

दुपारी तिला झटके आले. गाडी मिळेपर्यंत मायलेकरू दोघेही गेले.

घरात पुष्कळ बोलणे झाले. कुणी म्हणाले नशीब, कुणी म्हणाले बाहेरचे. तिच्या वयाबद्दल मात्र कुणी अक्षर काढले नाही. आणि कमलम्मांच्या मनाने एक गोष्ट घट्ट धरली. मूल व्हायच्या आधी त्याचे कापड शिवू नये, असे आमच्याकडे मानतात. आपण कुंची शिवली आणि पोरीला घालवून बसलो, असे त्या धरून बसल्या. ती कुंची त्यांनी ट्रंकेच्या तळाशी टाकली. त्यानंतर माझ्याकडे त्या कधी सरळ पाहत नसत. मिक्सर आला तो त्याच सुमारास. मी मोरीकडेला शेवाळत पडलो.

गेल्या वर्षी मृत्युंजयचे लग्न झाले. सून मंजुश्री लोह्याकडची, दहावीची परीक्षा देऊन आलेली. वय सोळा. शाळेच्या वाटेवर पोरे मागे लागतात, काही उलटसुलट होण्याआधी उरकून टाकू, असे तिच्या बापाला वाटले. बाप वाईट नव्हता, भ्यालेला होता. मृत्युंजय तरी केवढा, मिशीही धड फुटलेली नव्हती. दिवाळीच्या पुढे मंजुश्रीला दिवस गेले, तेव्हा तो लाजून दोन दिवस दुकानातच जेवला.

गल्लीतल्या बायका आल्या, म्हणाल्या, "पोर गुणाची निघाली. वर्षाच्या आत घर भरलं."

मंजुश्री मात्र माझ्याशेजारी फरशीवर बसून सागरगोटे खेळायची. पोट आड येई तसा तिचा झेल चुकायचा आणि ती स्वतःवरच चिडायची. मला तिचे हात ओळखीचे वाटत. असेच लहान हात मी या घरात आधी पाहिले होते. मला भीती वाटायला लागली, मित्रांनो. दगडाला भीती वाटते का, असे विचारू नका. वाटते.

पंचशीला ही गावची आशाताई. ती पुन्हा पुन्हा मागच्या दाराने यायची, कारण पुढच्या दाराने आप्पा तिला येऊ देत नसत.

"अम्मा, पोरीचं अंग अजून भरलं न्हाई. रक्त कमी हाय. पाय बघा की तिचे! एकदा नांदेडला दाखवू."

"मला पंधराव्याला लेकरू झालं. काय झालं मला?" कमलम्मा म्हणाल्या.

आतून आप्पा ओरडले, "दवाखान्यात आधार कार्ड मागतेत. वय दिसलं की पोलीस. पोरगा आत जाईल माझा! सुईण आणू घरी."

"केस निपटता येती आप्पा. माणूस गेलं तर ते न्हाई निपटत," पंचशीला म्हणाली. आप्पांनी मागचे दारही लावून घेतले.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण बसमध्ये चार लोक पाहतील म्हणून तिला पाठवलेच नाही. मंजुश्रीला कुणी काही विचारत नव्हते. ती फक्त एकदा मृत्युंजयला म्हणाली, "मला लई भ्या वाटून राहिलं." तो म्हणाला, "मला बी."

कमलम्मा मात्र डोळ्यात तेल घालून जपत होत्या. कशाला? तर घरात सुई चालू नये म्हणून. माहेरहून आलेले दुपट्याचे कापड त्यांनी परत पाठवले. शेजारणीने झबले शिवायला घेतले, तर तिच्याशी भांडल्या. सुईदोऱ्याचा डबा कपाटात कुलपात ठेवला. सुनेचे पाय रोज डोळ्यांसमोर होते, चपलेत मावत नव्हते, पण त्यांचे सगळे लक्ष त्या डब्यावर. मी तिथेच पडून होतो. मला ओरडता आले असते तर!

एक दिवस सकाळीच वीज गेली आणि मिक्सर बंद पडला. मंजुश्री म्हणाली, मी पाट्यावर वाटते. तिने मला घासून धुतले आणि शेंगदाणे घेतले. कमलम्मा समोर तांदूळ निवडत होत्या. थोडे वाटून झाले आणि तिचा हात थांबला.

"आत्या, डोकं फुटून राहिलं. डोळ्यापुढं काळं काळं दिसायलंय."

कमलम्मांच्या हातातले सूप खाली पडले. त्यांनी आधी मंजुश्रीच्या पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ पाहिले.

"कुंची तर शिवलीच न्हाई ह्या वक्ती," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, "कुंची न्हाई शिवली की मी! मग ही का तेच बोलायली?"

त्यांना काय कळले, ते मला कळले. त्या उठल्या आणि मागचे दार उघडून हाक मारली, "पंचशीला! अगं पंचशीला! गाडी बोलाव!"

आप्पा धावत आले. "पोलीस येतील, कमला!"

"येऊ द्या. वय इचारलं तर सोळा सांगा. वर्षाराणीचं बी सांगा, सतरा व्हतं. माझ्या लेकीला कुंचीनं न्हाई मारलं."

मृत्युंजयने मंजुश्रीला उचलले. गाडीत तिला झटका आला, पण तोवर नांदेड जवळ आले होते.

मित्रांनो, ती वाचली. तिची मुलगीही वाचली, माझ्याहून हलकी, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. पोलीस खरेच आले. आप्पा, मृत्युंजय आणि मंजुश्रीचा बाप, तिघांवर केस झाली. तारखा चालू आहेत. गल्लीतले लोक कमलम्मांना म्हणतात, हिने आपल्या हाताने घराची अब्रू घालवली. काही बायका मात्र मागच्या दाराने येतात आणि आपल्या पोरींचे पाय पंचशीलाला दाखवतात.

बारसे उशिरा झाले. कमलम्मांनी ट्रंकेतून ती हिरवी कुंची काढून मला घातली. बायका मला पाळण्याच्या वरून, खालून एकमेकींना देऊ लागल्या. मंजुश्री भिंतीला टेकून बसली होती. तिला अजून नीट दिसत नाही. देता देता मी तिच्या धाकट्या बहिणीच्या, प्रियदर्शनीच्या हातात आलो. ती नववीत आहे. तिला माझे वजन पेलेना, तिने मला पोटाशी धरले.

"बघा, कशी शोभायली!" एक बाई म्हणाली. "औंदा हिचं बी उरकून टाका."

सगळ्या हसल्या. दारात उभ्या असलेल्या तिच्या बापाने, केस अंगावर असताना, होकारार्थी मान हलवली. कमलम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन मला त्या पोरीच्या हातातून काढून घेतले. पण बाप अजून मान हलवतच होता.

मित्रांनो, लोक म्हणतात जुन्या वस्तू जपा. मला नाही जपलेत तरी चालेल, मोरीकडेला मी सुखी आहे. मात्र कधी बारशाला गेलात आणि कुंचीतला वरवंटा एखाद्या शाळकरी पोरीच्या हातात दिसला, तर हसू नका. तिची बोटे मला पुरतात का, तेवढे बघा. पुरत नसतील, तर मला खाली ठेवा आणि तिचे दप्तर तिच्या हातात द्या.