एका पुठ्ठ्यातल्या दोन लढाया

मित्रांनो, मी वाचनालयातले एक जुने कवितांचे पुस्तक आहे. म्हणायला एक, पण माझ्या पोटात दोन पुस्तके आहेत. पहिले फार जुन्या काळातले. त्यात तलवारी, नगारे आणि रणात पडणाऱ्याला थेट स्वर्ग. दुसरे पुष्कळ नंतरचे, एका शिपायाने खंदकात बसून लिहिलेले. त्यात चिखल, ओले मोजे आणि घरची आठवण. दोन्हींचा आकार सारखाच. बाइंडरकाकांनी गप्पांच्या नादात दोन्ही एकत्र शिवली आणि वर एकच पुठ्ठा चढवला.

ग्रंथपालबाई कडाडल्या, "अहो काका, विळ्या-भोपळ्याची मोट बांधलीत की!"

"आता उसवलं तर कागद फाटेल, बाई. राहू द्या. नांदतील हळूहळू."

कसले नांदतात! वर्षानुवर्षे माझे पहिलेच अर्धे वाचले गेले. पाठांतर स्पर्धेत मुले नगाऱ्याची कविता म्हणत आणि टाळ्या घेत. दुसऱ्या अर्ध्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मला फार वाईट वाटे.

त्या स्पर्धेत हमखास पहिला येणारा मुलगा मोठा होऊन खरोखर लढाईवर गेला. परतला तो एक पाय गमावून. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही, कोणाशी अवाक्षर बोलत नसे. दादा असाच कायमचा मुका होतो की काय, ही धास्ती धाकट्या बहिणीला जेवू देईना. त्याची आवडती कविता वाचून दाखवावी म्हणून तिने मला घरी नेले.

नगाऱ्याची पहिली ओळ ऐकताच त्याने कानावर उशी ओढली. बिचारी घाबरली. तिने घाईघाईत माझी मूठभर पाने उलटली आणि समोर आले ते वाचू लागली. एक शिपाई आपले कोरडे मोजे मित्राला देऊन पहाऱ्यावर जातो आणि परतत नाही, अशी ती कविता होती.

उशी बाजूला झाली.

"माझ्याकडे पण आहेत गं, एकाचे," तो म्हणाला. "पिशवीत बघ."

त्याचा आवाज ऐकून आई हातातले भांडे टाकून धावत आली. तिघेही खूप रडले. मीही थोडे भिजले. त्याचे डाग मी अजून अभिमानाने मिरवते.

पुढे एकदा बहीण म्हणाली, "दादा, ते पहिलं अर्धं कापूनच टाकू या? खोटं आहे सगळं."

"नको. तेच म्हणत आम्ही पुढे गेलो. भीती वाटायची ना, म्हणून मोठ्याने म्हणायचो. राग आहे माझा त्याच्यावर, पण कापू नकोस."

यंदा तो कुबडी टेकत स्पर्धेचा परीक्षक म्हणून आला. त्याने एकच अट घातली. नगाऱ्याची कविता म्हणेल त्याने मोज्यांचीही म्हणायची.

मित्रांनो, बाइंडरकाकांच्या त्या चुकीने माझ्या जन्माचे सोने झाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता माझी शिवण सैल झाली आहे, पाने निसटू लागली आहेत. मला दुरुस्त कराल तेव्हा दोरा नवा घ्या, पुठ्ठाही नवा घाला. पण शिवाल ते दोघांना एकत्रच शिवा.