कमरुद्दीनचा सांधा

ओतूरच्या एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरलात की उजव्या हाताला आमचं काचेचं दुकान लागतं. खिडक्या, आरसे, तसबिरी, बाथरूमची पार्टिशनं, काचेचं काय हवं ते कमरुद्दीन करून देतात. कमरुद्दीन म्हणजे माझे अब्बा. त्यांनी दोन काचा जोडल्या की मधून थेंब जात नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. मी त्यांची मुलगी, अर्शिया. काच कापायला त्यांच्याकडूनच शिकले आणि हट्ट करायलासुद्धा.

दुकानाच्या पुढच्या मोठ्या खिडकीवर माझा डोळा होता. तिथं मला टाक्या मांडायच्या होत्या, पण नुसत्या माशांच्या नव्हेत. खाली पाणी, पाण्यात गप्पी मासे, काठाला उतार, वर माती, नेचे, शेवाळ आणि त्यात डार्ट फ्रॉग. म्हणजे निळेशार, काळ्या ठिपक्यांचे, सुपारीपेक्षा जरासेच मोठे बेडूक. कॉलेजात असताना एकदा पुण्यात पाहिले आणि तेव्हापासून डोक्यातून गेले नाहीत. माझा भाऊ झीशान याला मात्र ती खिडकी त्याच्या मित्राला, ऋषीला, मोबाईलची कव्हरं विकायला द्यायची होती.

अशात जवळच्या डिंगोरे गावातल्या उज्ज्वलाताईंनी टाकी मागितली. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. इंजेक्शनला आलेली पोरं दारातच भोकाड पसरतात, त्यांना बघायला काहीतरी हवं होतं. अब्बांनी लगेच डाव मांडला.

"डॉक्टरबाईंची टाकी कर. त्यातलं समदं महिनाभर जितं राह्यलं तर खिडकी तुझी. न्हाई तर ऋषीची."

घरात आम्ही दखनी बोलतो. पण अब्बांनी व्यवहार आणि भांडण आयुष्यभर मराठीतच केलं, त्यामुळे खिडकीचा विषय निघाला की ते घरीही मराठीत येत.

पहिलं भांडण अम्मीशी झालं. हे बेडूक जिवंत बारीक किडेच खातात. म्हणून मी बरण्यांत पिकलेल्या केळ्यावर फळमाश्या वाढवल्या होत्या, न उडणाऱ्या जातीच्या. अम्मीनं मसाल्याच्या कपाटात ती बरणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. तिची हयात माश्या हाकण्यात गेली आणि पोटची पोरगी माश्या पाळते! झीशानला तर आयतं कोलीत मिळालं. "गिऱ्हाईक नसलं की लोक माश्या मारतात," तो म्हणाला, "ही वाढवणार." वर बेडूक विषारी असतो, हेही त्यानं मोबाईलवर शोधून काढलं. त्याचं विष जंगलातल्या मुंग्या खाऊन येतं, काचेत जन्मलेल्या आणि माश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसतं, हे मी अम्मीला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बरं, पण बरणी माळ्यावर ठेव.

टाकी मी दुकानातच, मागच्या कोपऱ्यात, स्वतः जोडली. काचा कापल्या, कडा घासल्या, सांध्यात सिलिकॉन भरलं आणि ते सुकेपर्यंत पुण्याला गेले. बेडूक कागदोपत्री नोंदवून, रीतसर विकणारा एक माणूस मला तिथं भेटायचा होता. परत आले तेव्हा टाकी पक्की झाली होती. सांधा इतका सुबक दिसत होता की मी स्वतःवरच खूश झाले. मला वाटलं, हात बसला.

मग खाली मातीच्या हलक्या गोळ्या, वर जाळी, जाळीवर नारळाच्या काथ्याची माती. मागच्या काचेला झाडाच्या साली चिकटवल्या. देशी बदामाची वाळकी पानं उकळून पसरली. नर्सरीतले नेचे लावले. पाणी सोडलं, छोटा पंप लावला आणि पाण्याला मुरू दिलं. बेडकांच्या आधी गप्पी सोडले, पाणी मानवतं का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी सगळे गप्पी उताणे तरंगत होते.

झीशान हसला असता तर बरं झालं असतं. तो सरळ बाहेर गेला आणि त्यानं ऋषीला फोन लावला. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बेटा. काच पानी धरती, जीव न्हाई धरत." त्यांच्या त्या मायेचा मला इतका संताप आला की मी हात झटकला. हरले असते तर मान्य केलं असतं. पण मासे का मेले हे कळल्याशिवाय मी हरणार कशी?

पाणी तपासलं, ठीक निघालं. पंप, माती, पानं, एकेक करून सगळं पाहिलं. शेवटी टाकी रिकामी करून आत डोकं घातलं आणि कोपऱ्यात मला अंगठ्याचा ठसा दिसला. सिलिकॉन भरून झालं की कोपऱ्याला अंगठ्यानं दाबून शेवट करायची अब्बांची सवय आहे. मी ब्लेडनं करते. माझ्या सांध्यावर दुसरा सांधा चढला होता. तो सुबक हात माझा नव्हताच.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी थांबले नाही.

"अब्बा, मी पुण्याला गेल्यावर टाकीला सिलिकॉन लावलंत?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. "लावलं. तुझा सांधा बारीक व्हता. डॉक्टरबाईंच्यात गळला तर चारचौघांत नाचक्की तुझी. म्हून भारीतली ट्यूब काडली."

"कुठली? बाथरूमची?"

"मग! निम्म्या ओतूरची बाथरूमं भरलीत त्या ट्यूबनं. कुटं बुरशी दाव मला."

"बुरशी मरावी म्हणून त्यात औषध घालतात, अब्बा. ते पाण्यात उतरलं. मासे त्यानंच मेले. माशांच्या टाकीची ट्यूब वेगळी असते, मी तीच लावली होती."

गिऱ्हाइकं छताकडे बघायला लागली. अब्बांचं कौतुक उतरलं, आणि मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पोरीच्या मायेपोटी माणूस रात्री गुडघे टेकून टाकीत शिरतो आणि त्याला असं ऐकावं लागतं. पण वाईट वाटलं म्हणून मेलेले मासे जिवंत होत नाहीत. मी खिशातून ब्लेड काढलं.

"काय करती?"

"कापते. पूर्ण सांधा. तुमचा आणि त्याखालचा माझाही."

ते उठून उभे राहिले. "कमरुद्दीनचा सांधा आजवर कुनी कापला न्हाई."

"मग आज पहिल्यांदा."

"कापलास तर त्या खिडकीचं नाव काडू नको."

"नाही काढत," मी म्हणाले आणि ब्लेड लावलं.

सिलिकॉन लांबच लांब पट्टीत निघत गेलं. अब्बांचा सांधा कापणं सोपं नव्हतं, इतका चांगला बसला होता. ते शेवटपर्यंत बघत उभे होते. मी कोपरा न् कोपरा खरवडला. भिजलेली माती, नेचे, पानं, सगळं फेकून दिलं. काचा रिक्षात घालून थेट डिंगोऱ्याला गेले आणि उज्ज्वलाताईंना जे घडलं ते सांगितलं. त्यांनी दवाखान्यामागची खोली उघडून दिली. त्याच आठवड्यात आमच्या खिडकीत मोबाईलची कव्हरं लटकली. मी घरी जेवायला जात होते, दुकानाची पायरी चढत नव्हते.

त्या खोलीत टाकी नव्यानं जोडली आणि दुसऱ्या खेपेला गप्पी जगले. नुसते जगले नाहीत, त्यांना पिल्लं झाली. मग टाकी वेटिंग रूममध्ये हलवली आणि बेडूक आणले. दवाखान्याच्या वेटिंग रूमला एसी आहे, हे मी आधीच विचारून घेतलं होतं, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे बेडूक गारव्याशिवाय टिकत नाहीत. पहिल्या दिवशी एका पोराला इंजेक्शनला आत बोलावलं तर ते टाकीपुढून हलेना. काचेला नाक लावून म्हणालं, "थांबा की राव, निळा बाहेर आलाय." मी माश्या घालता घालता रडले. आनंदानं रडले, लपवायचं काय त्यात?

महिना उलटला आणि एका सकाळी अब्बा एसटीनं डिंगोऱ्याच्या दवाखान्यात आले. पोरांच्या मागे उभे राहून त्यांनी टाकी पाहिली. मग वाकून सांध्यावरून नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत. नख कुठं अडलं नाही.

"ऋषीला सांगितलंय, दुसरीकडं जागा बघ म्हून," ते टाकीकडे बघतच म्हणाले. "खिडकी मोकळी व्हतीय."

मला उडी मारावीशी वाटली. मारली नाही.

"येते. पण माझ्या टाकीला कुणी हात लावायचा नाही. झीशाननं नाही आणि तुम्हीसुद्धा नाही."

अब्बा विरघळले वगैरे नाहीत. चांगलेच रागावले. "मी शिकीवलं तुला!"

"शिकवलंत, म्हणूनच सांगते."

"आन् तुझा सांधा चुकला तर?"

"तर मी कापीन. पण तो माझा असेल."

समोरच्या बाकावरची आजारी पोरं औषध विसरून आमच्याकडे बघत होती. अब्बांनी टोपी नीट केली, टाकीतल्या बेडकाकडे एकदा रागानं पाहिलं आणि दाराकडे निघाले. दारात थांबले.

"उद्या ये मग. खिडकीचं माप घ्यावं लागंल."

"माप मी कधीच घेऊन ठेवलंय," मी म्हणाले.