दोघांत एक जागा

शुक्रवार होता, म्हणून जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात आपल्या दोन खोल्यांत गेर्डाची आई सकाळपासून शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र शनिवारच्या, पावाच्या वेण्या घालत होती. एके काळी वाटीभर साखर मागायला येणारी शेजारीण, कालिंकेबाई, हल्ली जिन्यात भेटली की भिंतीकडे तोंड फिरवी. ज्यू म्हणून गेर्डाला शाळेतून काढलं होतं. वडिलांना नोव्हेंबरात नाझींनी पकडून नेलं होतं. घरी आली ती त्यांची राख. सारं शहर हे उघड्या डोळ्यांनी बघत होतं आणि आपापल्या खिडक्या लावून घेत होतं.

दुपारी ज्यू मदत समितीच्या एक बाई आल्या. ज्यू मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या गाडीत एक जागा रिकामी झाली होती.

"दोघांत एकच, ब्राशबाई," त्या म्हणाल्या. "गेर्डा पुढच्या महिन्यात सतराची होईल, मग तिला घेणार नाहीत. पण तिकडची माणसं लहान मूल आधी मागतात. धाकटा योआखिम आठ वर्षांचा ना? तब्येत बरी आहे?"

आई दोघांकडे बघत राहिली.

"तो अजून अंथरूण ओलं करतो," गेर्डा म्हणाली.

"खोटं बोलतेय ही," योआखिम रडवेला झाला. "मी नाही करत. आई, सांग ना."

आईने पिठाचे हात एप्रनला पुसले. चादरी तीच धूत होती. त्या कोरड्याच असत, हे तिला ठाऊक होतं. ती काहीच बोलली नाही.

"परक्याच्या घरी असं चालत नाही हो," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्याला पुढच्या गाडीत बघू."

स्टेशनवर योआखिम रुसलेलाच होता. गेर्डाने गालाचा मुका घ्यायला मान वाकवली, तर त्याने मान वळवली. पुढची गाडी १९३९च्या सप्टेंबरात होती. त्याआधीच युद्ध पेटलं आणि ती गाडी सुटलीच नाही. लढाई संपल्यावर मँचेस्टरमध्ये गेर्डाच्या हाती मृतांची एक यादी पडली. आई आणि योआखिम, दोघांना लिथुआनियातल्या कौनासजवळच्या खंदकाकाठी उभं करून गोळ्या घातल्या होत्या.

ती नर्स झाली, तिने लग्न केलं, मुलं वाढवली. भावंडांबद्दल कुणी विचारलं तर सांगे, "मी एकुलती एक." हे खोटं तिने तीस वर्षं सांभाळलं.

पुढे एका शाळेत तिला त्या काळाबद्दल बोलायला बोलावलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला भाऊ-बहीण कुणी नव्हतं?"

गेर्डाने योआखिमचं नाव घेतलं आणि त्या शुक्रवारचं सगळं सांगितलं, चादरीसकट.

वर्गाच्या बाईंचे डोळे भरले. "तुम्ही लहान होता हो. तुमचा काय दोष?"

"लहान होते खरी," गेर्डा म्हणाली. "तो माझ्याहून लहान होता. माझा दोष मला राहू द्या, तो मी कुणाला देणार नाही. पण मुलांनो, आमच्या शहरात सहा लाख माणसं होती. दोन पोरांत एक जागा का, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. तुमच्या गल्लीत अशी वेळ आली, तर तुम्ही विचारा."

तिने पुढच्या शाळेचं आमंत्रण त्याच दिवशी स्वीकारलं.