उपासाची टाकी

नगरबाहेरच्या मैलापाण्याच्या प्लँटवर दोन टाक्या होत्या. एक घुमटासारखी थोरली. तिच्यात गाळ कुजून गॅस व्हायचा आणि त्या गॅसवर प्लँटचा जनरेटर चालायचा. दुसरी शेडमधली, जेमतेम माणूसभर उंचीची. तिची सगळी उस्तवार जयमालाकडे. ह्या धाकटीतले जिवाणू गाळाचं आंबट पाणी पिऊन पोटात प्लास्टिक साठवायचे. मातीत गेलं की विरून जाणारं. वाळवून काढलं की दिसायला तांदळाच्या पिठीसारखं.

शुक्रवारी पुण्याहून पाहणीला माणसं यायची होती. वाळवलेल्या मालात शंभराला चाळीस भाग प्लास्टिक निघालं तर शेड वाढणार, तीन पाळ्या होणार, चार ऑपरेटर लागणार. त्यातलं एक नाव सचिनचं, जयमालाच्या नवऱ्याचं. सचिन ठेकेदाराकडे गटारीच्या तुंबलेल्या चेंबरात उतरायचा. माणूस उतरवायचा नाही हा कायदा ठेकेदाराला तोंडपाठ होता, म्हणून कागदावर त्यानं सचिनला माळी करून ठेवलं होतं. गेल्या भाद्रपदात त्याच्याबरोबरचा बिभीषण पायांनी उतरला आणि दोरानं वर आला. तेव्हापासून जयमाला त्या धाकट्या टाकीला पोटच्या लेकरागत जपत होती.

पोटचं लेकरू गेटवरच्या केबिनमध्ये, झोळीत असायचं. सायली, आठ महिन्यांची. गेटवर वॉचमन म्हणून सासरे, उत्तमराव. त्यांचीही उभी हयात गटारीत गेलेली. दुपारी एकला जयमाला पोरीला पाजायला केबिनमध्ये यायची, तेवढा वेळ उत्तमराव शेडमध्ये नजर ठेवायला जाऊन बसायचे.

पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, "दिसातनं दोनदाच खायाला? न मधल्या येळंला?"

"मधल्या वेळी उपास, मामा. भूक कळल्याशिवाय साठवायची सवय लागत नाही त्यांना. साठवतात ते टिकतात, बाकीचे मागं पडतात."

"नातीला दोन तासाला दूध, न ह्यान्ला उपास. सावत्र दिसत्यात." ते हसले. मग टाकीवर हात ठेवून म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावकडं आई खडी फोडायला हुती. कामावर सुकडी मिळायची. मी ती खायाचो न्हाई, कमरंला बांधून झोपायचो. आई म्हनायची, खा की रं. मी म्हनायचो, उंद्या न्हाई मिळाली तर?"

"तसंच, मामा. अगदी तसंच."

"तसंच का," म्हणाले, आणि बराच वेळ काचेतून आतला करडा फेस बघत राहिले.

गेले तीन आठवडे दुपारी एकच्या सुमाराला ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा. जिवाणू खायला लागले की पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, हे जयमालाला ठाऊक होतं. पण ती वेळ उपासाची. मीटरच बिघडलं असणार म्हणून तिनं ते दोनदा पुसलं आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं. उपासाच्या वेळी कुणी जेवू घालत असेल, हे मनाला शिवलंसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी लॅबच्या दया मॅडमनी तिला बोलावलं. त्यांच्या पुढ्यात चिमूटभर पिठी होती.

"अकरा, जयमाला."

"चाळीस नाही?"

"पोटं भरलेली होती गं त्यांची. साठवायची गरजच वाटली नाही. आता परत सवय लावायची तर महिना जाईल."

"कुठं चुकलं ते सापडलं, तर देतील का महिना?"

"मुदत संपली. आता चूक कुणाची, एवढंच विचारतील."

एकच्या सुमाराला उतरणारा तो आकडा तिला आठवला. त्या दुपारी तिनं सायलीला पाजलंच नाही. झोळीला झोका दिला, मामा शेडकडे गेले तशी मागोमाग गेली आणि दाराआड उभी राहिली. उत्तमरावांनी आंबट पाण्याच्या नळीचा कॉक दोन बोटांनी हलकेच पिळला. आत फेस चढू लागला.

"घ्या रं बाबांनू," ते पुटपुटले. "हळू. तिला कळू देऊ नगा, लई कडक हाय ती."

ओरडायला म्हणून ती पुढं सरली. मग तिला त्यांची बोटं दिसली. गटारीच्या पाण्यानं नखं कधीच खाल्ली होती. त्या बिननखी बोटांनी ते थेंबाथेंबाचा अंदाज घेत होते, बाटलीतलं दूध मनगटावर पारखावं तसे. ती आली तशी मागं फिरली. सायली रडत होती. तिला उराशी घेऊन ती केबिनच्या फरशीवर बसून राहिली. संध्याकाळी मॅडमना म्हणाली, "कॉक गळत होता. माझं लक्ष नव्हतं." मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

शुक्रवारी माणसं आली, नाकाला रुमाल लावून फिरली, चहा प्याली. गॅसचं चांगलं चाललंय, तेवढंच चालू ठेवू, म्हणाली. गॅसच्या टाकीला जास्तीची माणसं लागत नाहीत.

गाड्या गेल्यावर उत्तमराव शेडमध्ये आले. जयमाला टाकी रिकामी करत होती. करडं पाणी खळाळत मोरीत चाललं होतं.

"पास झालं का गं? सचिनचं नाव कवा लागतंय?"

"ह्या खेपेला नाही जमलं, मामा."

"का?"

तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"माल कमी पडला," ती म्हणाली.

उत्तमरावांचा चेहरा लहान झाला. "म्हनलं न्हवतं का तुला," ते हळू आवाजात म्हणाले, "उपाशी जिवाकडनं काय काम हुतंय? मी आपला जमंल तसं घालत हुतो. पर माझ्या चोरून घातल्यानं कितीसं पुरनार?"

"व्हय, मामा."

"जीव तोडून घालाया पायजे हुतं."

"व्हय."

ते केबिनकडे गेले. जयमालानं पदराला हात पुसले आणि सचिनला फोन लावला. नाव लागलं नाही हे तिलाच सांगायचं होतं, घरी जाऊन नव्हे, आत्ताच. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. चेंबरात उतरताना तो फोन वर, चपलांपाशी ठेवून जायचा.