कोंडिरामकाकांच्या नावाचा कप

शोकसभेत सोसायटीचे सेक्रेटरी कौस्तुभ सावे माइकवर बोलायला उभे राहिले आणि दोन मिनिटांत माझं डोकं फिरलं.

"कोंडिरामजी म्हणजे आपल्या सोसायटीची शान," ते म्हणाले. "त्यांच्या कॅरमला या कमिटीने नेहमीच प्रोत्साहन दिलं."

प्रोत्साहन!

कोंडिरामकाका तळमजल्यावर राहायचे. मूळचे जालन्याचे, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. रिटायर झाल्यावर त्यांनी एक मोठा कॅरम बोर्ड आणला आणि बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात मांडला. रोज चार ते सहा. मी तेव्हा लग्न होऊन भाईंदरला नवीन आले होते, कोणाची ओळख नाही. काकांनी बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "मला येत नाही."

"येत नाही म्हणूनच बस की," ते म्हणाले.

आम्हा बारा बायकांना त्यांनी खेळायला शिकवलं. "सोंगटीकडं बघू नको, ती जाणाराय तिकडं बघ," असं सारखं सांगायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या हेमालीबेनला मराठी कळायचं नाही, तिच्यासाठी हिंदीत. चुकलं तर स्वतः सोंगट्या परत लावून द्यायचे. एकदाही कोणावर आवाज चढवला नाही.

दोन वर्षांपूर्वी नोटीस लागली. पार्किंगमध्ये खेळायला मनाई. दोन गाड्यांना जागा हवी होती, शिवाय 'लेडीज लोक मोठ्याने हसतात' अशी तक्रार होती म्हणे. काकांनी तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर आलं नाही. एक दिवस बोर्ड उचलून गच्चीवर टाकला गेला. आम्हाला कळेपर्यंत पाण्याने फुगला होता. काकांनी तो चार दिवस उन्हात वाळवला, पण स्ट्रायकर मध्येच अडकायचा.

मग त्यांनी दुसरा बोर्ड मिळवला आणि बसने उत्तनच्या कोळीवाड्यात जायला लागले. आमच्या गेटवर मासळी विकायला येणाऱ्या सुगंधाने तिच्या अंगणात जागा दिली. मासळीचं काम उरकलं की तिथल्या कोळणी काकांकडे शिकायच्या. या जानेवारीत हार्ट अटॅकने गेले, त्याच्या आदल्या दिवशीही ते तिथे जाऊन आले होते.

आणि हे म्हणतात, प्रोत्साहन दिलं.

"म्हणून आपण कोंडिराम स्मृती चषक ठेवतोय," कौस्तुभ पुढे म्हणाले. "पुरुष खुला गट. खाली पार्किंगमध्येच घेऊ. एक दिवस गाड्या बाहेर काढू."

मी उभी राहिले. "काका होते तेव्हा दोन तासांसाठी गाड्या का नाही निघाल्या?"

"रश्मीताई, ही वेळ नाहीये."

"मग कोणती वेळ? ते गेले ना आता! आणि पुरुष गट? इथल्या एकातरी पुरुषाला काकांनी शिकवलंय का? असेल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मागून सुगंधा बोलली, "मी काकांना इचारलेलं, एवढे लांब कशाला येता? तर बोलले, तिकडं जागा न्हाय."

कोणीतरी पंखा बंद करायला उठलं, उगाच.

तेवढ्यात वैजयंताकाकू, काकांच्या मंडळी, खुर्चीवरून उठल्या.

"कपाला त्यांचं नाव द्यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"काकू, आम्ही मानानेच देतोय."

"मान राहू द्या. अर्जाला उत्तर दिलं असतं तरी बास होतं."

त्यांनी टेबलावरचा हार घातलेला फोटो उचलला, पदराखाली धरला आणि चालू लागल्या. आम्ही बाराजणी आणि सुगंधा त्यांच्यामागून निघालो.

कप मार्चमध्ये झालाच, दुसऱ्या नावाने. सकाळी आठ वाजता सगळ्या गाड्या मुकाट बाहेर निघाल्या. मी गॅलरीतून बघत होते. इतकं सोपं होतं ते!

आता बुधवारी आम्ही बस पकडून उत्तनला जातो. काकूही येतात. काकांच्या हयातीत त्यांनी कधी स्ट्रायकरला बोट लावलं नव्हतं. आता सुगंधा त्यांना शिकवते. मागच्या बुधवारी त्यांची सोंगटी पहिल्यांदा पॉकेटात गेली. काकू हसल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "परत लाव."

कौस्तुभ लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करतात. मी करत नाही.